गोबर गॅसच्या टाकीचे लोणारमधले भाऊबंद

मेडशीहून मालेगाव, रिसोड ओलांडलं की लोणार. जून २०२० मध्ये तिथलं सरोवर गुलाबी झालं आणि दोन दिवसांत फोटो देशभर फिरले. कुणी प्रदूषण म्हणालं, कुणी चमत्कार. वनखात्याने पाणी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवलं. उत्तर आलं : हॅलोआर्किया. मीठ मानवणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे एकपेशीय जीव. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांची चंगळ झाली.

आता गंमत बघा. यांच्यातल्या एका जुन्या वंशाचं नाव हॅलोबॅक्टेरियम. पण हे बॅक्टेरिया नव्हेतच!

असं का झालं? या जीवांची वर्गवारी पूर्वी दिसण्यावर चाले. लिनियसने तर सूक्ष्म जीवांची मोट बांधून एका वंशाला चक्क ‘केऑस’, म्हणजे गोंधळ, असं नाव दिलं. पुढे १८८४ मध्ये ग्रामची रंगवण्याची पद्धत आली, पण आकार गोल की दांडीसारखा, रंग धरतो की नाही, यावरून नातं कळतं थोडंच? केंद्रक नाही ना, मग टाक जिवाणूंत.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूस यांनी दिसणं बाजूला ठेवलं. प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारा रायबोसोम असतो. त्यातल्या आरएनएचे तुकडे करायचे, किरणोत्सारी खुणेने त्यांचे ठसे फिल्मवर उमटवायचे आणि जीवाजीवांचे ठसे ताडून बघायचे. वर्षानुवर्षं हेच. अशात मिथेन बनवणाऱ्या जीवांचे ठसे आले, ते जिवाणूंशी जुळेनात. १९७७ मध्ये वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी हा वेगळाच गट असल्याचं जाहीर केलं. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली, पण नोबेल मिळवलेल्या साल्वादोर लुरिया यांनी वूसचे सहकारी राल्फ वुल्फ यांना फोन करून या भानगडीतून बाहेर पडायला सांगितलं. मोठी माणसंही चुकतात!

मिथेनवाले म्हणजे कोण? आपल्या गोबर गॅसच्या टाकीत आणि गाईच्या पोटात राहतात तेच. त्यांना हवेतला प्राणवायू सोसत नाही; मीठवाल्यांना बहुधा तोच लागतो. राहणीमान उलटं, तरी रक्त एकच निघालं : मीठवालेही लवकरच त्याच गटात गेले. दोघांच्या पेशीभित्तीत जिवाणूंचं नेहमीचं पेप्टिडोग्लायकन नाही, पटलातल्या स्निग्धांची जोडणीही निराळी. १९९० मध्ये वूस, कांडलर आणि व्हीलिस यांनी सजीवांची तीन घराणी मांडली : जिवाणू, आर्किया आणि केंद्रक असलेले, म्हणजे तुम्ही-आम्ही, तूर आणि कपाशीसकट.

लोणारमध्ये हे भाऊबंद एकाच सरोवरात आहेत. पुण्याच्या संशोधकांनी २००७ मध्ये तिथून मिथेन बनवणारे मिथॅनोकॅल्क्युलस आणि मिथॅनोक्युलिअस वेगळे केल्याचं प्रसिद्ध केलं. गुलाबी मंडळी मात्र पुढे तळाशी बसली, पाणी पुन्हा नितळ झालं. आणि नाव? नामकरणाच्या नियमात आधी रीतसर दिलेलं नाव टिकतं. त्यामुळे हॅलोबॅक्टेरियम अजून हॅलोबॅक्टेरियमच आहे.