मावळचा पाऊस, घरातील पाणी आणि विम्याचे संरक्षण

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कामशेत सोडून नाणे मावळात शिरले, की वडिवळे परिसर लागतो. कुंडली नदीवरील वडिवळे धरण, सभोवती सह्याद्रीचे डोंगर आणि उतारावरची भातखाचरे असे हे निसर्गरम्य चित्र आहे. मात्र पावसाळ्याचे चार महिने येथील घरांची कसोटी पाहणारे असतात. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे घाटमाथ्यावर अडून वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. त्यामुळे लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेल्या पुणे शहरात हे प्रमाण साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास असते.

पुण्या-मुंबईच्या अनेक कुटुंबांनी गेल्या काही दशकांत मावळात बंगले आणि सदनिका घेतल्या. शहरातील पावसाच्या हिशेबाने बांधलेले घर मावळच्या पावसात टिकत नाही, हे अनेकांच्या पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच लक्षात येते. घराचा विमा उतरविला आहे, म्हणजे पाण्याने झालेले प्रत्येक नुकसान भरून मिळेल, हा दुसरा गैरसमजही तितकाच महागात पडतो. विमा नेमके कोणत्या पाण्याला पाणी मानतो, हे आधीच समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

भारत गृह रक्षा पॉलिसी

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने (इर्डाई) १ एप्रिल २०२१ पासून निवासी घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. अग्निविम्याचा व्यवसाय करणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती देणे बंधनकारक आहे. कंपनी कोणतीही असली, तरी या पॉलिसीच्या मूळ अटी सारख्याच असतात.

पाण्याशी संबंधित जोखमींपैकी वादळ, चक्रीवादळ, पूर आणि परिसर जलमय होणे यांचा तिच्यात समावेश आहे. जमीन खचणे, दरड कोसळणे आणि खडक घसरणे यांपासूनही संरक्षण मिळते. पाण्याच्या टाक्या, उपकरणे व नळ फुटून किंवा ओसंडून वाहून झालेले नुकसानही ग्राह्य धरले जाते. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळेच झालेली चोरीही पॉलिसीत येते. पूरग्रस्त घर सोडून इतरत्र जावे लागते तेव्हा या तरतुदीचे महत्त्व कळते.

'घर' या संज्ञेत केवळ चार भिंती आणि छत येत नाही. गॅरेज, आवारभिंत, संरक्षक भिंत, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक आणि सौर पॅनेल यांचाही त्यात अंतर्भाव होतो. डोंगरउतारावरील बंगल्यांच्या दृष्टीने संरक्षक भिंतीचा समावेश विशेष मोलाचा आहे.

विमा रक्कम कशी ठरते?

घराचा बाजारभाव आणि विम्याची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरात जमीन नष्ट होत नसल्याने विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा प्रतिचौरस फूट दर, असे हे साधे गणित आहे. उदाहरणादाखल, ९०० चौरस फूट चटई क्षेत्र आणि २,५०० रुपये दर धरल्यास इमारतीची विमा रक्कम २२ लाख ५० हजार रुपये होते. जोडबांधकामांची किंमत यात वेगळी मिळवावी लागते.

इमारतीचा विमा घेतल्यास घरातील सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, मात्र कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. वरील उदाहरणात ही रक्कम साडेचार लाख रुपये होते. त्यासाठी सामानाची यादी देण्याची गरज नसते. सामान यापेक्षा अधिक किमतीचे असेल, तर तपशील देऊन जादा विमा घेता येतो. दागिने, चित्रे आणि इतर मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते.

या पॉलिसीचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे कमी रकमेच्या विम्यासाठी होणारी कपात तिच्यात नाही. अन्य अनेक मालमत्ता विम्यांत 'सरासरीचे कलम' असते. २० लाखांच्या मालमत्तेचा १० लाखांचाच विमा असेल आणि दोन लाखांचे नुकसान झाले, तर त्या कलमानुसार एकच लाख हाती पडतो. भारत गृह रक्षामध्ये अशी कपात होत नाही. मात्र विमा रकमेपेक्षा जास्त भरपाईही मिळत नाही. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते.

कोणते पाणी विम्याबाहेर?

बहुतेक वाद येथेच सुरू होतात. विमा हा अकस्मात घडलेल्या घटनेचा असतो. छताच्या भेगेतून वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी, भिंतीला धरलेली ओल, सोललेला रंग, बुरशी, गंजलेल्या सळया हे सारे देखभालीच्या अभावाचे परिणाम मानले जातात. रात्रीत गच्चीवरची टाकी फुटून खालच्या खोलीतील फर्निचर भिजले, तर तो विम्याचा विषय होतो. तीच टाकी तीन वर्षे ठिबकत राहून स्लॅब खराब झाला, तर तो दुरुस्तीचा विषय ठरतो.

जमीन खचण्याच्या बाबतीतही काही अपवाद आहेत. नव्या बांधकामाला बसताना पडणाऱ्या स्वाभाविक भेगा, भराव टाकलेल्या जमिनीचे दबणे, नदीकाठची धूप, सदोष आराखडा वा निकृष्ट साहित्य यांमुळे झालेले नुकसान ग्राह्य धरले जात नाही. मावळात उतार कापून आणि भराव घालून सपाट केलेल्या भूखंडांवर घरे उभी राहतात. तेथे या अटीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. शॉर्टसर्किट किंवा विजेच्या वाढीव दाबामुळे त्याच उपकरणाचे झालेले नुकसान, तसेच हस्तलिखिते, कागदपत्रे, रोखे आणि वाहने हेही संरक्षणाबाहेर असते. वाहनासाठी सर्वसमावेशक वाहन विमा हवा.

नदीला पूर न येता केवळ मुसळधार पावसाचे पाणी साचले, तर काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध जे. के. सिमेंट वर्क्स या प्रकरणात अतिवृष्टीमुळे आवारातील कोळशाच्या साठ्याचे नुकसान झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याचा निकाल विमाधारकाच्या बाजूने दिला. पूर आणि जलमय होणे या शब्दांचा अर्थ नदीने काठ ओलांडण्यापुरता संकुचित करता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

बंद घरांचा प्रश्न

मावळातील अनेक घरे शनिवार-रविवारपुरती उघडली जातात, तर काही संपूर्ण पावसाळाभर बंद असतात. पूर्वीच्या प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत इमारत सलग ३० दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिल्यास आणि कंपनीची लेखी संमती घेतलेली नसल्यास विमा संपुष्टात येत असे. त्यामुळे दुसऱ्या घराचा विमा घेताना ते किती काळ बंद असते, हे प्रस्तावातच नमूद करावे आणि रिकाम्या घराबाबतची अट कंपनीकडून लेखी समजून घ्यावी.

वापरातील बदलाबाबतही हेच धोरण ठेवावे. निवासी म्हणून विमा घेतलेला बंगला पर्यटकांना भाड्याने दिला जात असेल, तर ते कंपनीला कळविणे आवश्यक आहे. मजला चढविणे, गच्चीवर शेड घालणे यांसारखे फेरफारही कळवावेत. हप्ता थोडा वाढेल, या भीतीने दडविलेली माहिती दाव्याच्या वेळी संपूर्ण पॉलिसीच धोक्यात आणू शकते.

गृहनिर्माण संस्थांनी काय पाहावे?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीचा आग आणि भूकंपाविरुद्ध विमा उतरविणे संस्थेला आवश्यक आहे. संस्थेची पॉलिसी केवळ एवढ्यापुरतीच आहे, की तिच्यात पूर व वादळही आहे, हे सभासदांनी तपासावे. संस्थेच्या विम्यात सदनिकेतील सामान सहसा येत नाही. गच्ची, बाह्य भिंती आणि सामाईक नळांतील गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने, तर स्वच्छतागृह, सिंक यांसारख्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने, अशी उपविधींतील विभागणी आहे.

आपल्या भागात पूर येत नाही, हा विश्वासही फसवा ठरतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काठावरील सोसायट्यांत हाहाकार उडविला. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. वडिवळे परिसरात घर वा भूखंड घेताना जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा पाहूनच निर्णय घ्यावा. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा दाखविते.

मे महिन्यातच करावयाची कामे

पाणी घरात येऊ न देणे हाच सर्वांत स्वस्त विमा होय. पावसाळ्यापूर्वी पुढील कामे उरकावीत :

- गच्चीच्या कोब्याचा उतार पाणी वाहून जाणाऱ्या पाइपकडेच आहे ना, हे बादलीभर पाणी ओतून पाहावे. कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातील भेगा भराव्यात. पाइपच्या तोंडाशी जाळी बसवून पालापाचोळा काढावा.
- कौलारू छपरातील फुटकी कौले बदलावीत, पन्हाळी साफ कराव्यात आणि पावसाचा मारा ज्या दिशेने येतो, त्या पश्चिमेकडील खिडक्यांवर पुरेशी छज्जे आहेत का, ते पाहावे.
- उतारावरील घराच्या वरच्या अंगाला चर खणून डोंगराचे पाणी बाजूने वळवावे. संरक्षक भिंतीतील पाणी झिरपून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. ती बुजली, की मागील मातीचा दाब वाढून भिंत कोसळते.
- वीजमीटर, इन्व्हर्टर आणि सॉकेट जमिनीपासून उंचावर घ्यावेत. गळती होताच वीजप्रवाह तोडणारे आरसीसीबी उपकरण बसवावे.
- टाकीचा बॉलकॉक, गीझर आणि वॉशिंग मशीनच्या नळ्या तपासाव्यात. घर बंद करून जाताना पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा तरी कोणी घर उघडून पाहील, अशी व्यवस्था ठेवावी.
- दस्तऐवज, पॉलिसी आणि बिलांच्या प्रती दुसऱ्या घरीही ठेवाव्यात. घराची व सामानाची छायाचित्रे दरवर्षी काढावीत. दुरुस्तीची बिले जपावीत. देखभाल नियमित होती, याचा तोच पुरावा असतो.

नुकसान झाल्यास

प्रथम जीव वाचवावा आणि वीज बंद करावी. त्यानंतर विनाविलंब विमा कंपनीला कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा. साफसफाई करण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याच्या खुणेसह छायाचित्रे काढावीत. नुकसान आणखी वाढू नये, यासाठी आवश्यक ती तात्पुरती दुरुस्ती करावी. पण सर्वेक्षक पाहणी करेपर्यंत भिजलेल्या वस्तू फेकून देऊ नयेत. तलाठ्यांनी केलेल्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. शासकीय मदत ही तातडीच्या दिलाशासाठी असते, घर पूर्ववत करण्याचा खर्च तिच्यातून निघत नाही. मात्र घटना घडल्याचा पुरावा म्हणून पंचनामा उपयोगी पडतो.

इर्डाईच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळविल्यापासून २४ तासांत सर्वेक्षकाची नेमणूक, १५ दिवसांत त्याचा अहवाल आणि अहवालानंतर सात दिवसांत कंपनीचा निर्णय अपेक्षित आहे. दावा नाकारला, तर कारण लेखी मागावे आणि पॉलिसीतील नेमके कलम विचारावे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडून समाधान न झाल्यास 'बिमा भरोसा' या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्याखेरीज विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत दाद मागता येते. लोकपालांचे कार्यालय पुण्यातही आहे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

मावळचा पाऊस कोणाला टाळता येत नाही. छत, चर आणि पॉलिसी या तिन्हींची तपासणी मृगापूर्वी झाली, तर पावसाळ्यानंतर कुलूप उघडताना मनात धाकधूक राहणार नाही.