तगरचे कारागीर आणि गाडीतळावरच्या गप्पा

तेरचे नाव काढले की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. पण काकांच्या आधी हजार-बाराशे वर्षे याच तेरणाकाठी ‘तगर’ नावाची मोठी पेठ नांदत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर आहे, अशी नोंद आहे. जाडेभरडे कापड नि तलम मलमल इथून गाड्यांत भरून थेट भडोचच्या बंदराला जाई. हे तगर म्हणजेच आपले तेर, असे फ्लीटसाहेबांनी १९०१ साली दाखवून दिले.

आता तुम्ही म्हणाल, माल आला नि गेला, त्यात विशेष ते काय? विशेष असे, की मालाबरोबर माणूस येतो. वाट लांबची, गाडीवान आला तसा माघारी फिरत नाही. बैल सोडायचे, मुक्काम करायचा, आणि मुक्काम म्हटला की बोलणे आलेच! कुठे कोणता माल खपतो, कोणत्या गावी कसबी हाताला मान आहे, हे अशा गप्पांतूनच कळायचे.

याची साक्ष तेरच्या मातीतच आहे. १९५८ साली चापेकरांनी तिथे उत्खनन केले. तेरला सापडलेल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या बघा. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, आणि मग दोन्ही जोडून पोकळ मूर्ती. ही दुहेरी साच्याची रीत रोमन जगातून आली, असे जाणकार मानतात. पण बाहुलीची केशरचना नि दागिने पाहावेत, तर सारे इथले! रोमन नाण्यांवरून केलेली मातीची पदकेही सापडली आहेत. म्हणजे रोमचा बादशहा आमच्या कुंभाराच्या हातून तेरच्या बाजारात उतरला म्हणायचा. परक्याची वस्तू नुसती विकत घेऊन हे साधत नाही. ती उलटीसुलटी करून पाहावी लागते, चार जणांना विचारावे लागते.

त्या काळी कारागिरांच्या ‘श्रेणी’ असत. सहकारी सोसायटी नि कंपनी यांचे मिश्रणच म्हणा ना. त्यांची पत केवढी! नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख सांगतो, की त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. अशा श्रेणीकडे माणसे कशी येत? तेरचा लेख नाही, पण माळव्यात मंदसोरला इ. स. ४७३ चा आहे. तिथल्या राजांचे गुण कानी पडले, म्हणून लाट देशातले, म्हणजे दक्षिण गुजरातेतले, रेशीम विणकर आधी मनाने नि मग मुलाबाळांसह, भाऊबंदांसह तिथे आले. पुढे त्यांच्यातलेच कोणी धनुर्विद्या शिकले, कोणी ज्योतिष. कीर्ती तोंडोतोंडी गेली नि हुन्नर गावात आला.

आपण मात्र जुन्या शहराचे श्रेय राजाच्या पदरात टाकून मोकळे होतो. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. पण त्या नावाला वजन आणले होते कोष्ट्या-कुंभारांनी नि गाडीवानांनी.

गुरुजी, मुलांना तेरच्या लामतुरे संग्रहालयात न्याल, तेव्हा त्या बाहुलीच्या दोन साच्यांचा सांधा कुठे आहे, ते त्यांना शोधायला सांगा.