भाजे येथील सूर्यशिल्प

मावळ तालुक्यातील (जि. पुणे) भाजे लेण्यांमधील रथारूढ देवतेचे शैलशिल्प. मळवली स्थानकाजवळ, विसापूर किल्ल्याच्या पायथ्याशी २२ लेण्यांचा हा समूह आहे. त्यातील १९ व्या क्रमांकाच्या विहारास ‘सूर्यगुंफा’ म्हणतात. काळ साधारणतः इ. स. पू. दुसरे ते पहिले शतक.

वर्णन : ओसरीच्या टोकाशी असलेल्या खोलीच्या दाराच्या एका अंगास चार घोड्यांचा रथ कोरला आहे. रथात देवता व तिच्या दोन बाजूंस दोन स्त्रिया. एकीने छत्र धरले आहे, दुसरी चवरी ढाळते. चाकांखाली अवाढव्य, बेढब, नग्न देह पालथे पडले आहेत, त्यांवरून रथ निघाला आहे. देह जमिनीवर नसून अधांतरी तरंगताना दिसतात. उठाव उथळ असूनही गतीचा भास पुरेपूर होतो. दाराच्या दुसऱ्या अंगास भल्यामोठ्या हत्तीवर बसलेला पुरुष असून हत्तीने सोंडेत उपटलेले झाड धरले आहे. रथसप्तमीला पाटावर काढतात तो रथ सात घोड्यांचा. येथे घोडे चारच आहेत. बोधगयेच्या कठड्यावरील सूर्यही चार घोड्यांचाच आहे.

ओळख : रथारूढ देवता सूर्य व हत्तीवरील पुरुष इंद्र, ही ओळख रूढ आहे. काही अभ्यासक दोन्ही पट मांधाता चक्रवर्तीच्या बौद्ध कथेतील मानतात.

रोमन सूर्यपूजेशी संबंध : चार घोड्यांच्या रथामुळे रोमन ‘सोल’ देवतेशी तुलना केली जाते. रोममध्ये क्विरिनल टेकडीवर सोलची जुनी पूजा होती, ऑगस्टसने इ. स. पू. १० मध्ये ईजिप्तहून आणलेले दोन ओबेलिस्क (उंच दगडी स्तंभ) त्याला अर्पण केले. मात्र ‘सोल इन्व्हिक्टस’ म्हणजे अजिंक्य सूर्याला ऑरेलियन बादशहाने रोममध्ये भव्य मंदिर बांधले ते इ. स. २७४ मध्ये. कॉन्स्टंटाइन बादशहाने सूर्याच्या वारी (रविवारी) न्यायालये बंद ठेवण्याचा हुकूम काढला तो ३२१ मध्ये. भाजे या दोन्हींच्या कितीतरी आधीचे आहे. तेव्हा ‘रोमन प्रभाव’ हा शब्द येथे गैरलागू आहे; साम्य शोधायचेच तर ते ग्रीक सूर्यदेव हेलिऑसच्या चार घोड्यांच्या रथात शोधावे.

व्यापार : रोमन संबंधाच्या संदर्भात व्यापाराचाही विचार करावा लागतो. चौल (ग्रीक ग्रंथांतील सेमुल्ला) व कल्याण या बंदरांचा माल कुरवंडे, बोर या घाटवाटांनी वर येई. शेजारच्या कार्ले चैत्यात धेनुकाकट या ठिकाणच्या यवनांनी (परदेशीयांनी) दिलेल्या स्तंभांचे लेख आहेत. हे दान बौद्ध चैत्याला दिलेले आहे, सूर्यपूजेसाठी नव्हे. शिवाय ‘यवन’ म्हणजे रोमनच असे नाही.

पूजा : विहार हे भिक्षूंचे निवासस्थान, देवालय नव्हे; तेव्हा हे शिल्प पूजेसाठी नसावे.

संरक्षण : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण.