वाइन-फ्रिजचा ह्युमिडॉर
सिगार मुरवत ठेवण्यासाठी वाइन-फ्रिजचा केलेला वापर. सिगारला साधारण १८ ते २१ अंश से. तापमान व ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. पारा २५ च्या वर राहिला की तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी उबून सिगारला टाचणीएवढी भोके पडतात. त्यामुळे जूचंद्रसारख्या वसई खाडीलगतच्या गावी नुसती लाकडी पेटी पुरत नाही. कॉम्प्रेसरचा फ्रिज हवा फार कोरडी करतो. पेल्टिए-तत्त्वावरचा बरा, पण कडक उन्हाळ्यात तोही दमतो. आत सीडरच्या फळ्या आणि आर्द्रता राखणाऱ्या पुड्या ठेवतात. आर्द्रतामापक पारखायला मिठागरांच्या या पट्ट्यात साहित्य शोधावे लागू नये: ओलसर मिठासोबत तो बंद डब्यात काही तास ठेवला, की काटा ७५ वर यायला हवा.