सवतीची ओवी आणि फडावरचा विरह

मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्या यांच्याइतकीच ती तमाशाच्या तंबूंसाठी ओळखली जाते. तंबूत ढोलकी कडाडते आणि सख्याची वाट पाहणारी, त्याच्यावर संशय घेणारी, रुसणारी विरहिणी उभी राहते. आपण अध्यापक मंडळी वर्गात हीच विरहिणी शिकवतो. मात्र होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांनी रचलेली ही वेदना पुरुषांची निर्मिती आहे आणि जुन्या फडात ती नाचे पोरेच स्त्रीवेशात साकारत, हे आपण घाईने सांगून मोकळे होतो. उत्तर पेशवाईतल्या या लावणीतला प्रियकर बहुधा मोहिमेवर असतो. तो परतणार, ही आशा असल्यामुळे तिथले दुःखही गोड लागते.

ही गोष्ट केवळ आपलीच नाही. अमेरिकेच्या ग्रामीण 'कंट्री' संगीतात बेवफाईचा दोष बाईच्या माथी मारणाऱ्या एका लोकप्रिय गाण्याला 1952 मध्ये किटी वेल्स या गायिकेने गाण्यानेच उत्तर दिले. ते अफाट गाजले. गंमत अशी, की ते उत्तरही लिहिले होते एका पुरुषानेच!

जात्यावरच्या ओवीत असा मध्यस्थ नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत सवत हा एक ठसठशीत विषय आहे. इथला नवरा मोहिमेवर नाही, ओसरीवरच आहे. त्याला थेट बोल लावणे अवघड असल्यामुळे राग वळतो तो सवतीकडे. 'सवत' या शब्दाला मराठीत पुल्लिंगी प्रतिशब्द नाही, यात बराच इतिहास सामावला आहे. पुरुषाचे दुसरे लग्न रीतसर होते. त्यामुळे बाईला जी प्रतारणा वाटे, तिला समाजाच्या लेखी ते नावच नव्हते. ते नाव ओवीने दिले.

मुंबई प्रांतात 1946 च्या कायद्याने हिंदू पुरुषाच्या द्विभार्या विवाहाला बंदी झाली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर आली. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय, अनुसूचित जमातींना त्यातून वगळले. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात ठाकर, कातकरी, महादेव कोळी राहतात. म्हणजे ज्या मुलखात आपण सवतीची ओवी लोकसाहित्याच्या तासाला 'लोप पावलेली' म्हणून शिकवतो, तिथल्या पुष्कळ स्त्रियांना त्या कायद्याचे छत्र मिळालेलेच नाही. गिरणी आली, जाते हळदीपुरते उरले, सवत उरलीच.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन शहापूरकडच्या एका वाडीत ओव्या टिपायला गेलो होतो. एका आजींनी माहेराच्या, भावाच्या ओव्या मोकळ्या गळ्याने म्हटल्या. सवतीची ओवी विचारली, तेव्हा त्यांनी प्रथम मुलाला सांगितले, "तू जा रे जरा भायेर." तो गेल्यावर जात्याच्या पलीकडे बसलेल्या दुसऱ्या म्हातारीकडे पाहून त्या हसल्या. ती त्यांची सवत होती. दोघींनी एकच खुंटा धरला आणि सवतीला शिव्याशाप देणारी ती ओवी मिळूनच म्हटली.