'ऑकवर्ड' : एका अवघडलेल्या शब्दाची कुळकथा



मागे एकदा तालुक्याच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला बसण्याचा योग आला. धड्यात 'ऑकवर्ड' हा शब्द होता. गुरुजींनी अर्थ सांगितला, "अवघड, किंवा अवघडल्यासारखा." तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, मग हा शब्द साहेबानं आपल्याकडूनच नेला असणार. अवघड आणि ऑकवर्ड, ऐकायला सारखेच की!" सगळा वर्ग हसला. पोरगं मान खाली घालून बसलं, आणि तास संपेपर्यंत त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही. मीही काही बोललो नाही.

त्याचं उत्तर चुकलं होतं हे खरं. पण शब्द कुठून आला हे विचारावंसं वाटणं, ही काही चूक नव्हे. त्या दिवशी द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज आपणा सर्वांपुढे ठेवतो.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिस्फार्न नावाचं बेट आहे. तिथल्या मठावर इ. स. 793 मध्ये समुद्रापलीकडच्या नॉर्स लोकांनी धाड घातली. पुढे 865 साली त्यांचं मोठं सैन्यच आलं आणि उत्तर व पूर्व इंग्लंडचा बराच मुलूख त्यांच्या अमलाखाली गेला. पण लुटायला आलेली ही माणसं हळूहळू तिथंच नांगर धरून राहिली. शेजार झाला, सोयरीक झाली, आणि एका घरातल्या विस्तवासारखे शब्दही दुसऱ्या घरात गेले. आज इंग्रज माणूस अंड्याला 'एग' म्हणतो, सुरीला 'नाइफ' म्हणतो, आकाशाला 'स्काय' म्हणतो, ते सगळे शब्द या पाहुण्यांचे. खिडकीचा 'विंडो' हा शब्दही त्यांचाच. त्याचा मूळ अर्थ आहे 'वाऱ्याचा डोळा'. किती सुरेख कल्पना, पाहा!

याच लोकांच्या बोलीत 'ओफुगर' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ उलटा, पाठीकडे वळलेला. इंग्रजांच्या तोंडी तो झिजून 'ऑक' झाला. त्याला शेपूट जोडलं 'वर्ड' हे. हा 'वर्ड' म्हणजे 'शब्द' या अर्थाचा 'वर्ड' नव्हे बरं का! 'फॉरवर्ड' म्हणजे पुढच्या दिशेला, 'बॅकवर्ड' म्हणजे मागच्या दिशेला. तसा 'ऑकवर्ड' म्हणजे उलट दिशेला. पुढे एकटा 'ऑक' इंग्रजीतून नाहीसा झाला. या जोडशब्दात तेवढा उरला.

चौदाव्या शतकात हा शब्द प्रथम दिसतो, तेव्हा त्यात लाजेचा किंवा संकोचाचा मागमूस नाही. जुन्या युद्धकथांत तो उलट्या हाताने केलेल्या तलवारीच्या वाराला लावलेला आढळतो. शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री' या नाटकाच्या दुसऱ्या भागात राणी मार्गारेट जहाज मागे लोटणाऱ्या प्रतिकूल वाऱ्याला हेच विशेषण लावते. दरम्यान, सोळाव्या शतकात, ज्याचे हात कामाला सरळ वळत नाहीत अशा धांदरट माणसालाही लोक 'ऑकवर्ड' म्हणू लागले होते. आणि अठराव्या शतकाच्या सुमारास चारचौघांत ज्याला अवघडल्यासारखं होतं, त्याच्या मनाच्या स्थितीलाही तो चिकटला. म्हणजे आधी दिशा, मग हात, मग माणूस आणि शेवटी मन, असा या शब्दाचा प्रवास झाला.

फौजेतही हा शब्द शिरला. ज्यांना अजून धड कवायत येत नाही अशा नवशिक्यांच्या तुकडीला 'ऑकवर्ड स्क्वॉड' म्हणत. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स डम्फ्रीस गावच्या स्वयंसेवक पलटणीत होता. 1796 साली तो मरणाला टेकला, तेव्हा 'माझ्या थडग्यावर या ऑकवर्ड तुकडीच्या फैरी झाडू देऊ नका' असं तो थट्टेनं म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. पण व्हायचं ते झालंच. त्याला लष्करी इतमामानं पुरलं, आणि स्वयंसेवकांनी फैरीही झाडल्या.

आता जरा हातांकडे वळू. अडाणीपणाला इंग्रजीत आणखी एक शब्द आहे, 'गोश'. तो फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये त्याचा सरळ अर्थ 'डावा' असा आहे. इंग्रजीतला 'सिनिस्टर', म्हणजे अशुभ किंवा दुष्ट, हा लॅटिनमधला डावा. खुद्द इंग्रजीतला डावा, म्हणजे 'लेफ्ट', हा 'दुबळा' अशा अर्थाच्या जुन्या शब्दापासून आला. उलट, हस्तकौशल्याला 'डेक्स्टेरिटी' म्हणतात. त्यातला लॅटिन 'डेक्स्टर' म्हणजे उजवा, आणि तो आपल्या 'दक्षिण' शब्दाचा सख्खा चुलतभाऊ. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला दक्षिण येते.

आपणही काही वेगळे नाही. देवाला उजवी घालतो ती प्रदक्षिणा. सरस ठरतो तो उजवा. कुणाला बाजूला सारायचं तर आपण त्याला 'डावलतो'. जेवणानंतरच्या वामकुक्षीत तेवढा डाव्या कुशीला मान! जगात सुमारे दहांत एक माणूस डावखुरा असतो. नऊ जणांनी मिळून भाषा घडवली आणि दहाव्याला वाकडा ठरवलं, असाच याचा अर्थ.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढंच सांगायचं आहे, की शब्द पुस्तकातून वर्गात उतरतो तेव्हा तो जिवंत पोराच्या अंगावर पडतो. डाव्या हातात पेन्सिल धरणाऱ्या मुलाच्या बोटांवर छडी मारण्याची रीत अनेक देशांत होती. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज मुळात डावखुरा. लहानपणी त्याला उजव्या हातानं लिहायला लावलं. पण राजा होण्याआधी, 1926 साली तो विंबल्डनच्या दुहेरी सामन्यात उतरला, तेव्हा रॅकेट होती डाव्याच हातात. ज्या हातानं काम सुलभ होतं तो त्या मुलाचा सुलटाच हात. त्याला उलटा म्हणणारे आपण.

आता शेवटी त्या मागच्या बाकाकडे परत जातो. 'अवघड' आणि 'ऑकवर्ड' यांचा नुसता आवाज जुळतो, नातं नाही. आवाज जुळला म्हणून शब्दांची सोयरीक लावू नये, हा शब्दशास्त्राचा पहिला धडा. पण गंमत पुढेच आहे. सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळाच्या भाषा असाव्यात असं मांडलं. इंग्रजी आणि नॉर्स या भाषाही त्याच कुळातल्या. त्या वाटेनं शोध घेता 'ऑक' या तुकड्याचं मूळ आपल्या 'अप' या उपसर्गाशी जुळतं, तोच 'अपशकुन', 'अपयश' यांतला 'अप', म्हणजे दूर, विरुद्ध. आणि 'वर्ड' हे शेपूट 'वृत्' या धातूशी जुळतं, ज्यापासून आपलं 'वर्तन' आणि 'वर्तुळ' आलं. मूळ अर्थ वळणं. विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशकिरण वळतो त्याला आपण 'अपवर्तन' म्हणतो. 'ऑकवर्ड' आणि 'अपवर्तन' हे असे दूरच्या नात्यातले निघाले!

साहेबानं तो शब्द आपल्याकडून नेला नव्हता. पण त्याचा आणि आपला पणजोबा एकच होता. म्हणजे ते पोरगं फार चुकलेलं नव्हतं. चुकीच्या दारावर त्यानं थाप मारली, पण गल्ली बरोबर होती. तेवढं त्या वेळी कुणी त्याला सांगितलं असतं, तर कदाचित त्यानं दुसरा प्रश्न विचारला असता.

आपल्या वर्गात उद्या असा एखादा प्रश्न उठला आणि पोरं हसली, तर एवढंच करा. हसणाऱ्यांना थांबवा, आणि उठलेल्याला म्हणा, "बाळ, आणखी सांग."