वसईचा किल्ला नेमका कोणी पाडला?

बऱ्याच जणांचा एकच मेसेज असतो: "तू बोईसरचा ना, मग आपल्या जिल्ह्यावर एपिसोड कधी?" तर घ्या. आपल्या पालघर जिल्ह्यात एक आख्खी राजधानी मोडक्या अवस्थेत उभी आहे आणि आपण तिथे जातो ते बहुतेक वेळा फोटो काढायला. वसईचा किल्ला.

किल्ला म्हटलं की आपल्याला डोंगर आठवतो. इथे चढच नाही, कारण तटाच्या आत शहर होतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं त्यांच्या 'उत्तर प्रांता'चा, म्हणजे साधारण दमण ते चौल या पट्ट्याचा, कारभार इथून चालला. १६६१ च्या हुंड्यात इंग्रजांना मिळालेली मुंबईसुद्धा आधी याच प्रांतात होती. आज वसईकर लोकलला लटकून मुंबईला जातात, तेव्हा कामासाठी मुंबईने वसईकडे बघायचं!

शाळेच्या सहलीत आम्हाला सांगितलं होतं, "हे सगळं आपण फोडलं." मी ते वर्षानुवर्षं डोक्यात ठेवलं. मग इंजिनीअरिंगचा एक मित्र, वसईचा ख्रिश्चन, तिथेच सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याखाली म्हणाला, "तुझ्या 'आपण'मध्ये मी आहे का रे?" मला उत्तर देता आलं नाही. हा एपिसोड त्यासाठीच.

तर झालं काय? १७३७ मध्ये मराठ्यांची मोहीम सुरू झाली आणि साष्टी हाती आली. १७३९ च्या सुरुवातीला माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही आपल्याकडची ठाणी पडली. तारापूर म्हणजे आपल्याला अणुवीज केंद्र आणि एमआयडीसी. पण तिथल्या कोटाच्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर मारले गेले आणि चिमाजीअप्पांनी त्यांच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं. मोहिमेच्या ऐन धामधुमीत, बरं का.

मग वसई. बाकीच्या बाजूंना खाडी आणि दलदल, म्हणून मराठ्यांचा सगळा जोर उत्तरेकडच्या तटावर होता. तिथे सुरुंग लावले. काही उशिरा उडाले आणि त्यात मराठ्यांचेच लोक गेले. या वेढ्यात त्यांची हजारो माणसं मेली किंवा जखमी झाली. शेवटी बुरूज ढासळला आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी तह केला.

आता मुद्द्याचं. शहर तहाने मिळालं. गल्लीबोळांत कत्तल झाली नाही. पोर्तुगीजांना शस्त्रं आणि सामान घेऊन निघून जायला मुदत मिळाली. मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. माझ्या मित्राचे पूर्वज त्या मागे राहिलेल्यांतले. ते पोर्तुगीज नव्हते, इथलेच होते. म्हणजे 'आपण'मध्ये तो होताच, शाळेने मला सांगितलं नव्हतं इतकंच.

चर्चच्या काही घंटा मात्र विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा बघा, तिच्यावर १७२१ साल आहे.

मग छपरं कुठे गेली? १७८० मध्ये इंग्रजांच्या गॉडर्डनेही वसईवर तोफा डागल्या, ते आहेच. पण मला वाटतं, सगळ्यात जास्त नुकसान शहर रिकामं झाल्याने झालं. लाकडी छपराला दर वर्षी डागडुजी लागते. आपल्याकडचा पाऊस माहीत आहे ना? माणूस निघून गेला की घर किती दिवस टिकतं, हे कोकणातल्या कुणालाही विचारा. सर्व्हरसुद्धा हल्ल्याने कमी आणि मेंटेनन्स नसल्याने जास्त मरतात, हे आमच्या धंद्यातलं.

जायचं असेल तर बोईसर किंवा पालघरहून ट्रेनने वसई रोड आणि तिथून पश्चिमेला बस किंवा रिक्षा. आधी उत्तरेचा तट बघा, ती लढाईची जागा. मग चर्च. सेंट जोसेफवर १६०१ चा शिलालेख आहे. अँथनीच्या चर्चमध्ये पायाखाली थडग्यांचे दगड आहेत, जपून चाला. मग नागेश्वर मंदिर आणि चिमाजीअप्पांचा पुतळा.

आणि भिंतींवर नाव कोरू नका राव. तो सुरुंग आता आपलाच आहे.

भेटू पुढच्या भागात.